टकटक, बाद

"आता अकरा सेकंद," असं बाई म्हणाल्या आणि माझा डावा हात आपोआप खांद्याच्या वर गेला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. सगळे थांबा, हलू नका, श्वास नाकाने आणि सावकाश. हा हात मी नोकरीभर असाच वर करत आले, त्यामुळे तो आता माझा राहिलेला नाही, त्याला शांतता म्हटलं की उठायचं एवढंच कळतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत तीस-पस्तीस खुर्च्या होत्या, बहुतेकांवर आमच्यासारखीच निवृत्त माणसं होती, आणि दोन्ही स्पीकरच्या खोक्यांमधून चेलो खाली खाली उतरत एका सुरावर येऊन थांबला होता. थांबला म्हणजे वाजवणाऱ्याने गज उचललेला तुम्हाला ऐकू येतो, गजाच्या केसांची शेवटची चिकट कुरकुर येते, आणि मग काही नाही. अकरा सेकंद काही नाही. आणि त्या काही नाहीच्या मधोमध माझा हात वर.

"काकू, काही विचारायचंय का?" बाईंनी हळूच विचारलं.

मी हात खाली घेतला. शेजारी हा बसला होता, माझा नवरा, मांडीवर वही, वहीवर उघडं पेन. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चेलो परत सुरू झाला, सगळ्यात जाड तार, मोकळी, बोट न ठेवता, आणि पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. लोक नेहमी इथेच पुसतात. या तुकड्याबद्दल मी वाचलेलं सगळं या अकरा सेकंदांबद्दल आहे. कुणी लिहिलंय की इथे वादकाने आपलं सगळं आयुष्य न वाजवता वाजवलं. कुणी लिहिलंय की ही शांतता शोकाची आहे, आणि शोक माहीत नसलेला माणूस इतका वेळ थांबूच शकत नाही. थांबला नव्हता. त्याच्या डाव्या करंगळीत गोळा आला होता. त्याने गज उचलला, करंगळीला अशी शिवी दिली की काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने टोपी डोळ्यांवर ओढली, हात झटकला, पाणी प्यायला, आणि पाच मिनिटांनी जाड तारेपासून पुढे वाजवलं. आम्ही त्याला अस्वल म्हणायचो. चेलोला मिठी मारून डुलत बसायचा म्हणून, आणि श्वासही तसाच घ्यायचा, प्रत्येक ओळीआधी, गुहेतून घेतल्यासारखा. तो श्वास मी कधी कापला नाही. वरचे लोक म्हणायचे, साफ करा. मी म्हणायचे, मग वाजवलं कुणी ते कळणार कसं?

मी फीत कापायची. हेच माझं काम. चांगले तुकडे निवडायचे, ब्लेडने तिरके कापायचे, चिकटपट्टीने जोडायचे, आणि जोड ऐकू येता कामा नये. रेकॉर्डिस्ट मला कात्री म्हणायचा. कात्री, याची करंगळी गेली, आता मधे काय लावणार? मधे शांतता लावायची असते. ती अशी कुठलीही चालत नाही. कोरी फीत बहिरी असते, ती मधे लावली तर ऐकणारा दचकतो, मशीन बंद पडलं की काय असं त्याला वाटतं. कारण कुठलीही खोली गप्प नसते. तिला स्वतःची एक बारीक हूं असते, भिंतींची, लाकडाची, बसलेल्या माणसांच्या कपड्यांची. म्हणून ज्या खोलीत वाजवलं तिथेच, खुर्ची न हलवता, माइक न हलवता, एका माणसाला वादकाच्या जागी बसवून नुसती खोली रेकॉर्ड करायची. मिनिटभर पुरते. मग त्यातून हवी तेवढी कापून घ्यायची. दार उघडलं तर खोली बदलते, बाहेरची हवा आत येते, मग ती परत स्थिर व्हायला वीस मिनिटं थांबावं लागतं. म्हणून बाहेर लाल दिवा आणि दिव्याखाली सावधान.

सावधान म्हणजे आमचा दारावरचा माणूस. पूर्वी कुठेतरी कवायत शिकलेला, नेहमी टाचा जुळवून उभा. त्याच्या दिव्याची थट्टा करायचो आम्ही. आग लागली तर काय करशील रे? "टेक संपू देईन, मग सांगेन," असं तो म्हणायचा. "आणि टेक लांबला तर?" "तर आपण सगळे जळू, ताई, पण रेकॉर्डिंग चांगलं होईल."

बाई चहाआधीचं शेवटचं बोलत होत्या. बाई चाळिशीच्या. चाळीस किंवा एक्केचाळीस. मी बायकांची वयं अशीच मोजते, कुणाचंही वय काढताना मधे एक वय ठेवून. "लक्षात घ्या," बाई म्हणाल्या, "मूळ स्वरलेखनात इथे जेमतेम दोन सेकंदांचा विराम आहे. अकरा हे त्याचं स्वतःचं आहे. यानंतर तो प्रत्येक मैफिलीत इथे अकरा सेकंद थांबत आला. त्याचे शिष्यही थांबतात." शेजारी याने वहीत लिहिलं, दोन, मग एक बाण, मग अकरा. तो सगळं लिहितो. पाणीपुरवठ्याच्या खात्यात नकाशे काढायचा, कुठल्या रस्त्याखाली कुठला पाइप ते अजून सांगतो, आणि डॉक्टर म्हणाले की घराबाहेर पडा, तेव्हापासून दर शनिवारी या वर्गाला येतो. मी येत नाही. मी घरी असले की घरात गाणं लागत नाही. हे रेकॉर्ड आमच्या कपाटात आहे, अजून त्याच्या पातळ कागदात. चौतीस वर्षं. आज सकाळी हा दाढी करता करता म्हणाला, "आज त्याचं आहे, अस्वलाचं. ते तुझंवालं. चल, आता ऐकू या." आणि मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. बहुतेक त्याच्या गालाला फेस होता म्हणून. फेस लावलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही.

ती शांतता रेकॉर्ड केली त्या दिवशी कुणी दार वाजवलं नाही. आमची मुलगी, सात वर्षांची, गाल फुगवून खायची म्हणून खारू, नऊ दिवस इस्पितळात होती. ताप उतरत होता. डॉक्टर म्हणाले होते उतरतोय. हा तिच्याजवळ होता, आणि माझं फक्त शांततेचं काम उरलं होतं, अर्ध्या तासाचं, म्हणून मी गेले. तीन वाजून दहा मिनिटांनी याने स्टुडिओत फोन केला की लगेच ये, ती तुला बोलावतेय. फोन दारावरच्या सावधानने घेतला. दिवा लाल होता. दिवा पावणेचारला विझला, तेव्हा त्याने मला सांगितलं. मी धावत गेले. इस्पितळ धावत दहा मिनिटं. खारू पावणेचारलाच गेली होती. याने मला विचारलं, तीन-दहाचा फोन, तू कुठे होतीस? मी म्हणाले, आत होते. मला कुणी सांगितलं नाही. कुणी दार वाजवलंच नाही.

बाद. परत.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की याच्यावर कुठे ओरखडासुद्धा उरलेला नाही, जोड ऐकू येत नाही. चौकशीला आलेल्या साहेबांना असंच सांगितलं. सावधान म्हणाला, साहेब, मी तीनदा वाजवलं होतं, बोटाच्या पेराने, हळू, कारण दिवा होता. साहेबांनी रेकॉर्डिस्टला विचारलं. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "कात्री म्हणेल ते. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट." माझ्या नवऱ्याने तक्रार लिहिली होती, चार पानं, त्याच्या नकाशातल्या अक्षरात, प्रत्येक वेळ मिनिटासकट. सावधानला काढलं. तो दोनदा आमच्या घराखाली आला. दुसऱ्यांदा मी जिन्यात सापडले. तो टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला तरी ऐकू आलं असेल ना? तीनदा वाजवलं." मी म्हणाले, "नाही आलं." वरून हा ओरडला, "कोण आहे? तो आहे का? त्याला म्हणावं परत दिसलास तर..." पुढचं सावधानने ऐकलं नाही, तो वळला होता. नंतर बरीच वर्षं तो एका वाहनतळावर शिट्टी वाजवताना दिसायचा. शिट्टी, दिवसभर. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं. मग मी नोकरी केली, जेवले, झोपले, माझ्या भाचीच्या लग्नात हसले. सगळं केलं.

चहाला याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. घरून आणतो, इथली मऊ असतात म्हणे. "मोठा आहे विराम," तो म्हणाला. मी हं म्हणाले. "त्यात तू बसलेली आहेस, नाही? त्या खुर्चीत." मी परत हं म्हणाले. त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तुटून पडलं, आणि तो कपाच्या तळाशी चमच्याने शोधत राहिला. म्हणाला, "मला वाटलं होतं मला त्याचा राग येईल. पण ऐकताना बरं वाटलं. तू तिथे काहीतरी चांगलं करत होतीस असं वाटलं." मी कप बशीवर ठेवला, खणकन. हे माइकवर आलं असतं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चहानंतर एक गंमत आहे हं. जाऊ नका कुणी. तो जुना स्टुडिओ पाडला ना, तेव्हा रेकॉर्डिस्टच्या कपाटात एक पेटी सापडली. या ध्वनिमुद्रणाच्या बाद फिती. सगळ्या. अजून बाहेर कुणी ऐकलेल्या नाहीत."

बाद फिती पुसून परत वापरायच्या, असा नियम होता. मी त्या माझ्या हाताने पुसायच्या टोपलीत टाकल्या होत्या. तिखट कानांचा नव्हता, पण मूर्ख नव्हता रेकॉर्डिस्ट. त्याने त्या टोपलीतून काढून घेतल्या, मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि निवृत्त होताना मला म्हणाला, कात्री, तुझं कापलेलं सगळं माझ्याकडे आहे बरं का. मी हसले होते. तो विनोद करायचा नेहमी.

आता उठून जाता आलं असतं. डोकं दुखतंय म्हणायचं, हा लगेच पिशवी उचलतो. मी उठले नाही. खुर्चीत बसून खोलीची हूं ऐकत राहिले, पंखा, खाली रस्ता, कुणाच्या तरी कानातल्या यंत्राची बारीक शीळ. मला बसता येतं. न हलता, न खोकता, मी हवा तेवढा वेळ बसू शकते, आणि मी खरी कशात तरबेज असेन तर ती यात. त्या दिवशीही बसले होते. अस्वल घरी गेला होता, त्याच्या जागी मी, त्याच्या खुर्चीत, कानांवर हेडफोन. पहिला टेक. चाळीस सेकंद झाले आणि कानात आलं. लांबून, दोन दारांपलीकडून, गादीतून आल्यासारखं. टक. टक. टक. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने भुवया उचलल्या आणि बटण दाबून विचारलं, "दार?"

मी म्हणाले, "पाइप असेल."

पाइप तीनदा वाजून थांबत नाही. पाइपवाल्याची बायको मी, मला ते माहीत नव्हतं असं नाही. मला हेही माहीत होतं की लाल दिवा असताना सावधान फक्त एकाच कारणासाठी दार वाजवेल. ते मला इतकं स्वच्छ कळलं की आत काहीतरी बंद झालं. मी हात वर केला आणि म्हणाले, "परत एकदा. आणि मधे दिवा विझवू नका, लागोपाठ घेऊ." दिवा असेपर्यंत कुणी आत येत नाही. कुणी आत येत नाही तोवर काही झालेलं नसतं. खारू तिथे उशीवर असते, ताप उतरत असतो, डॉक्टर म्हणतच होते उतरतोय. मी त्या खोलीला धरून बसले. कुणाला वाटेल मी घाबरले होते. घाबरलेला माणूस पळतो. मी नुसती बसले, आणि ऐकत राहिले, आणि प्रत्येक वेळी काहीतरी सापडलं. आणि शोधलं की सापडतंच.

बाईंनी भिंतीवर एक कागद मोठा करून दाखवला. त्या दिवसाची नोंद. पिवळा, कोपऱ्यात चहाचा डाग.

टेक १ – टकटक, बाद.
टेक २ – लिफ्ट, बाद.
टेक ३ – पोट वाजलं, बाद.

खोली हसली. बाईही हसल्या. "बघा, किती काटेकोर लोक होते! एका शांततेसाठी नऊ टेक." मला माझ्या पोटाचा तो आवाज आठवला, आणि तेव्हा आम्हीही हसलो होतो. मी हसले होते. तीन-वीसला.

टेक ४ – बाद.
टेक ५ – कपडा सळसळला, बाद.

असं नऊपर्यंत, आणि नवव्यापुढे बरोबरची खूण. मी भिंतीकडे पाहत नव्हते, याच्या पेनाकडे पाहत होते. तो नोंद उतरवून घेत होता, ओळ न् ओळ, आणि पहिल्या ओळीवर पेन थांबलं. चष्मा कपाळावर चढवून तो भिंतीकडे पाहायला लागला. बेचाळीस वर्षं तो माझं अक्षर वाचतोय. वाण्याच्या याद्या, दारावरच्या चिठ्ठ्या, तुझी गोळी निळ्या डबीत आहे. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. वहीतल्या माझ्या ओळीखाली, म्हणजे त्याने उतरवलेल्या माझ्या ओळीखाली, एक सरळ रेघ काढली.

"पहिला टेक ऐकू या?" बाई म्हणाल्या.

लावला. चौतीस वर्षांपूर्वीची खोली या खोलीत आली. कुणाला काही कळलं नाही, पण मला कळलं, कारण माझ्या डाव्या बाजूला लाकडाची फरशी होती, आणि उजवीकडे चेलो टेकवायची रिकामी खुंटी, आणि मधे कुणीतरी श्वास घेत होतं. एक बाई. तरुण. नाकाने आणि सावकाश. हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी अस्वलाचा श्वास ऐकायचे, स्वतःचा ऐकायचं कारण नव्हतं. तीन आठवड्यांनी मी कामावर परत आले तेव्हा नवव्या टेकमधून दोन सेकंद कापायला बसले. ब्लेड फितीवर ठेवलं आणि खाली दाबता येईना. फीत सरकत राहिली, मी दोन म्हटलं, तीन म्हटलं, अकरा म्हटलं तेव्हा कुठे हात चालला. जोडून टाकलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, किती ठेवलीस? मी म्हणाले, राहू दे. अस्वलाला ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत होता, झाल्यावर त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "मी एवढा वेळ थांबलो होतो?" मी म्हणाले, हो. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. बस्स. नवव्या टेकची वेळ नोंदीत कोपऱ्यात रेकॉर्डिस्टने लिहिलेली आहे. ती मी कधी पाहिली नाही, आणि आजही भिंतीच्या त्या कोपऱ्याकडे माझी नजर जात नव्हती.

टक. टक. टक.

नंतर त्या टेकमध्ये काही नाही, बटणाची खुट आणि रेकॉर्डिस्टचं "दार?" म्हणणं सुरू होता होता फीत तुटते.

"कुणीतरी दार वाजवलं बहुतेक," बाई म्हणाल्या. "बिचारा! त्याला काय माहीत, आत केवढी मोठी शांतता चालू आहे ते." परत हसू. बाईंनी पुढच्या फितीसाठी हात पुढे केला.

"परत एकदा लावता का?" हा म्हणाला.

"काका, यात पुढे काही नाहीये हो. नुसती टकटक आहे."

"तीच."

त्याचा आवाज साधा होता. नकाशा समोर धरून एखादी जागा विचारावी तसा. बाईंनी खांदे उडवले आणि फीत मागे घेतली. परत ती फरशी, ती खुंटी, तो श्वास. चाळीस सेकंद. या वेळी त्याने पेन वहीवर उभं धरलं होतं, आणि प्रत्येक आवाजाला एक टिंब दिलं. एक. दोन. तीन. मग शेजारी त्याने काहीतरी लिहिलं, आणि मला वाटलं माझ्याबद्दल काही असेल, शिवी, प्रश्न, काहीही. ते सावधानचं खरं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट. तक्रारीत लिहायला त्याला लागलं होतं, तेव्हापासून त्याच्या लक्षात होतं. मला ते नाव माहीतच नव्हतं.

त्याने पेनाला टोपण लावलं. माझ्या बाजूचा हात त्याने थोडा आत ओढून घेतला, खुर्चीच्या दांडीवरून, इतका हळू की दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. "तुला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. प्रश्न नव्हता. बाई चौथा टेक लावत होत्या, म्हणाल्या, हा का बाद केला ते आम्हाला काही कळलेलं नाही, तुम्हीच ऐका, तुम्हाला काही दोष सापडतो का सांगा. सगळी खोली कान देऊन बसली. स्वच्छ, गोल, कुठेही ओरखडा नसलेली शांतता, मी आयुष्यात रेकॉर्ड केलेली सगळ्यात चांगली. तीन-बावीसची. दार उघडलं असतं तर मी साडेतीनला पोचले असते.

तीन टिंबं त्याने स्वतः ऐकली होती. हे त्याला कधीच ऐकू आलं नसतं. इथे आवाज नव्हता. मी गप्प बसले असते तर उरलेलं आयुष्य त्याच्या हिशेबात एक टकटक राहिली असती, एक चूक, पाइप समजून केलेली, आणि कदाचित काही महिन्यांनी तो हात परत दांडीवर आला असता.

"चौथा चांगला होता," मी म्हणाले.

"काय?"

"चौथा टेक. त्यात काही नव्हतं. तेव्हा उठता आलं असतं. मी मुद्दाम बाद केला."

पुढच्या ओळीतल्या, मघाशी डोळे पुसणाऱ्या बाई मागे वळल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.